काकड्याला खणखणीत, हरिपाठाला गेंगाणा : मायस्थेनियाची एक केस

मी न्यूरोच्या लॅबमध्ये एनसीव्ही-ईएमजी करतो, म्हणजे नसांना बारीक शॉक द्यायचा आणि स्नायू त्याला काय उत्तर देतो ते मशीनवर बघायचं. निदान डॉक्टर करतात, आम्ही वेव्ह आणि आकडे काढून देतो, पण वर्षानुवर्षं तेच करून काही केसेस डोक्यात पक्क्या बसतात. ही त्यातली एक, मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू वापरला की लवकर थकतो त्या आजाराची. ओळख पटू नये म्हणून गाव, नातीगोती बदललीत आणि दोन-तीन पेशंटच्या गोष्टी एकात घेतल्यात, आजार आणि टेस्टचा भाग मात्र जसा असतो तसाच ठेवलाय.

पेशंट 64 वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. गळ्यात माळ, गावात सगळे बुवाच म्हणतात कारण पहाटेचा काकडा आणि संध्याकाळचा हरिपाठ दोन्हीकडे चाल हेच धरणार. शुगर होती पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. तक्रार सुरू झाली ती डोळ्यांपासून, संध्याकाळी गाडीवरून येताना समोरच्या एकाच हेडलाइटच्या दोन दिसायला लागल्या. मग डोळ्याच्या डॉक्टरकडे, चष्म्याचा नंबर बदलला, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला सापडला त्याचं ऑपरेशन झालं, तरी दोन दिसायचं थांबेना. गंमत म्हणजे एक डोळा हाताने झाकला की एकच दिसायचं, आणि हे त्यांनी स्वतःच शोधून काढलेलं, गाडी चालवताना एक डोळा मिटून चालवायचे (हे ऐकून आमच्याकडच्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी कपाळाला हात लावला).

त्यानंतर डावी पापणी पडायला लागली. सकाळी ठीक, दुपारच्या जेवणानंतर थोडी खाली, दिवे लागायच्या वेळेला निम्मं बुबुळ झाकलेलं. मग आवाज. हरिपाठाला बसले की पहिले पाच-सात अभंग नेहमीसारखे आणि मग आवाज नाकात जायला लागायचा, शब्द तोंडातल्या तोंडात, शेवटाला तर मागचे टाळकरीच ओढून न्यायचे. जेवताना भाकरीचे दोन-चार घास झाले की जबडा दुखत नसे पण थकायचा, हनुवटीला खालून हाताने आधार देऊन चावायचे, पाणी पिताना कधी कधी नाकातून यायचं.

आता गावात संध्याकाळी डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, बोलणं अस्पष्ट असा माणूस दिसला तर लोक काय म्हणणार? कुजबुज सुरू झाली की बुवा घ्यायला लागले. माळकरी माणूस, आयुष्यात थेंब नाही शिवला, आणि हे कानावर आलं तेव्हा त्यांनी देवळात जाणंच कमी केलं. काकू आमच्याकडे टेस्टच्या वेळी बसल्या होत्या त्या आजारापेक्षा याच गोष्टीवर जास्त बोलल्या, "ह्यांचा पहाटेचा काकडा कुणी ऐकत नाही का ओ दादा, तेव्हा आवाज कसा खणखणीत असतो, पिणारा माणूस पहाटे असा गाईल का?"

आणि खरं सांगायचं तर निदान त्या वाक्यातच होतं. माणूस तोच, गळा तोच, पहाटे खणखणीत आणि संध्याकाळी गेंगाणा. लकव्याच्या अटॅकने गेलेला आवाज असा घड्याळ बघून जात नाही. पण काकूंना हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण दाखवायला जायचे ते सकाळी. गावाहून पहिल्या एसटीने निघायचं, नऊ-साडेनऊला नंबर लागायचा, रात्रभर झोपून ताजातवाना झालेला पेशंट डॉक्टरसमोर बसायचा, पापणी वर, आवाज स्वच्छ. तपासणीत काहीच नाही. एकाने मेंदूचा एमआरआय काढला, वयाप्रमाणे नॉर्मल. दुसऱ्याने टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली. रक्त पातळ व्हायची गोळी कुणीतरी सुरू केली ती चालूच राहिली. डॉक्टरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, सकाळच्या ओपीडीत हा आजार लपून बसतो हे त्याचं वैशिष्ट्यच आहे. तिढा सोडवला सूनबाईंनी, एका संध्याकाळी सासऱ्यांना खुर्चीत बसवून मोबाइलवर व्हिडिओ काढला, शंभरपर्यंत अंक म्हणायला लावले, साठच्या पुढे काय चाललंय ते कुणालाही कळेल असा व्हिडिओ. तो बघून फॅमिली डॉक्टरांनी थेट न्यूरोला चिठ्ठी दिली.

इथे जरा थांबून बेसिक सांगतो, कारण लॅबमध्ये येणाऱ्या दहातल्या सात-आठ कागदांवर नुसतं "अशक्तपणा" लिहिलेलं असतं आणि त्यात चार वेगवेगळी दुकानं आहेत. हात उचलायचा हुकूम मेंदूतून निघून मणक्यातल्या नसपेशीपर्यंत येतो, तिथून नस निघते, नस स्नायूपाशी पोचते तिथे एक जोड असतो, आणि पुढे स्नायू. बिघाड या चारपैकी कुठे आहे तेवढं आधी ठरवायचं. मणक्यातली पेशीच मेली (पोलिओत हेच व्हायचं, मोटर न्यूरॉन आजारात हेच होतं) तर स्नायू वाळतो, कातडीखाली बारीक फडफड दिसते, पण स्पर्श शाबूत. नस बिघडली तर बहुतेक वेळा मुंग्या-बधिरपणा सोबत येतो आणि सुरुवात पायाच्या बोटांपासून, शुगरवाल्यांची चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि त्यांना कळतही नाही ते हेच. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे पेशंट पटापट आले ते पण नसांचंच प्रकरण, जुलाब होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून नसांवर उलटते, पाय जातात, गुडघ्यावर हातोडी मारली तर झटका येत नाही. स्नायूचा स्वतःचा आजार असेल तर मांड्या आणि खांदे आधी जातात, जमिनीवरून उठताना हात मांडीवर टेकत टेकत उठायचं, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, रक्तात सीपीके (खराब झालेल्या स्नायूतून बाहेर पडणारं एन्झाइम) वाढलेलं.

उरला जोड. तिथे नस आणि स्नायू प्रत्यक्ष चिकटलेले नसतात, मध्ये एक सूक्ष्म फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, पलीकडे स्नायूवर त्याला पकडणारे रिसेप्टर असतात, पकडलं की स्नायू आकसतो आणि लगेच एक एन्झाइम येऊन उरलेलं रसायन तोडून टाकतं म्हणजे पुढच्या हुकमाला जागा मोकळी. सलग हुकूम येत राहिले की रसायन थोडं थोडं कमी सुटतं, हे सगळ्यांचंच होतं, तुमचं माझं पण, फक्त आपल्याकडे गरजेपेक्षा बरंच जास्तीचं भांडवल असतं म्हणून कळत नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडी त्या रिसेप्टरचा नाश करतात, भांडवल संपतं, मग गावाकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंप-दिवे चालू झाले की व्होल्टेज पडतं तसं होतं, सकाळी लोड नसताना सगळं झकास. डोळ्यांचे आणि पापणीचे स्नायू दिवसभर बिनसुट्टी राबतात आणि त्यांचं भांडवल मुळात कमी, म्हणून अर्ध्याहून जास्त पेशंटमध्ये सुरुवात तिथूनच होते. बाहुलीत मात्र बदल नाही, बधिरपणा नाही, हातोडीचे झटके गेलेले नाहीत. हे तीन "नाही" आमच्या मॅडम रेफरल कागदावर आधी शोधतात.

बुवांना मॅडमनी मुद्दाम दुपारी चारला बोलावलं. छताकडे एकटक बघायला लावलं, मिनिटभरात डावी पापणी घसरत आली. मग वॉर्डच्या फ्रीजमधला बर्फ रबरी ग्लोव्हमध्ये भरून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं ठेवला. काढला तर डोळा चक्क उघडा, तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल. काकूंनी हात जोडले. यात चमत्कार नाही, थंडीत ते तोडणारं एन्झाइम मंद पडतं, रसायन जास्त वेळ टिकतं, उरलेल्या रिसेप्टरवर भागतं. दहा मिनिटांत पापणी परत खाली.

याच कारणामुळे आमच्या लॅबमध्ये एक गोष्ट काटेकोर पाळावी लागते. टेस्टिंग रूममध्ये एसी फुल्ल असतो, पेशंट येतो, हात गार पडलेले, आणि गार हातावर टेस्ट केली तर आजार असूनही रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो. बर्फाने डोळा उघडतो त्याच न्यायाने. म्हणून बुवांचे हात आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेकले, कातडीचं तापमान बघितलं आणि मगच इलेक्ट्रोड चिकटवले. दुसरं म्हणजे पायरिडोस्टिग्मिनची (ते तोडणारं एन्झाइम दाबणारी, या आजारातली नेहमीची) गोळी चालू असेल तर मॅडमना विचारून टेस्टआधी बारा तास बंद, बुवांची अजून सुरूच झाली नव्हती.

आधी साधी एनसीव्ही केली, नसांचा वेग नीट, संवेदनेच्या नसाही जवळपास ठीक, पायात शुगरचा किंचित परिणाम. म्हणजे नसेचं दुकान बंद. मग आरएनएस, यात सेकंदाला तीन या हिशोबाने दहा शॉक सलग देतात आणि प्रत्येक शॉकला स्नायूची वेव्ह केवढी आली ते बघतात. करंगळीच्या बाजूच्या स्नायूवर दहाही वेव्ह एका उंचीच्या. नवखा टेक्निशियन इथेच नॉर्मल लिहून मोकळा होतो. पण त्रास चेहऱ्याला आहे तर हातात सापडेल कशाला? मग मानेच्या बाजूला शॉक देऊन खांद्याचा ट्रॅपिझियस घेतला, पहिली ते चौथी वेव्ह 18 टक्क्यांनी उतरली. नाकाच्या बाजूचा स्नायू घेतला तिथे 30 च्या वर. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतार म्हणजे पॉझिटिव्ह धरतात. मिनिटभर खांदा उचलून धरायला लावला आणि दोन-तीन मिनिटांनी परत काढली तर उतार अजून वाढलेला. पाचव्या-सहाव्या वेव्हनंतर थोडी सावरते, स्क्रीनवर मधे खोलगट दिसतं, ते दिसलं की टेस्टमध्ये हात हलल्यामुळे आलेली गडबड नाही याची खात्री पटते. जोडाचाच अजून एक आजार असतो, लॅम्बर्ट-ईटन, त्यात पहिली वेव्हच मुळात छोटी असते आणि जोर लावल्यावर उलट मोठी होते, आणि त्यामागे बऱ्याचदा फुप्फुसाचा कॅन्सर निघतो, म्हणून तेही बघून घेतलं. तसं काही नव्हतं. रक्तातली ॲसिटिलकोलिन रिसेप्टर अँटिबॉडी बाहेर पाठवली, पॉझिटिव्ह आली.

हा आजार काही नवा नाही. 1672 साली थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने एका बाईचं लिहून ठेवलंय, खूप वेळ किंवा घाईघाईने बोलली की तिची वाचाच बंद पडायची आणि तासा-दोन तासांनी परत यायची. बुवांच्या हरिपाठाचीच गोष्ट. औषध सापडायला मात्र 1934 उजाडावं लागलं, लंडनमध्ये ग्रिनिचच्या सेंट अल्फेज हॉस्पिटलमध्ये मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की हे क्युरारी या विषाच्या बाधेसारखं दिसतंय, मग त्या विषावरचा उतारा फायसोस्टिग्मिन देऊन बघू, आणि इंजेक्शननंतर पेशंटची पापणी वर आली. आजची गोळी त्याच वंशातली. आणि आपल्याकडे शेतात-अंगणात जमिनीवर झोपणाऱ्यांना रात्री मण्यार चावते, सकाळी पापण्या पडलेल्या, गिळता येत नाही, तो घावसुद्धा याच जोडावर असतो. नागाच्या विषाचा तर थेट रिसेप्टरवरच कब्जा, म्हणून नागदंशात अँटिव्हेनमसोबत त्याच वंशातलं निओस्टिग्मिनही देतात. 1973 साली बाल्टिमोरमध्ये मण्यारीच्याच जातकुळीतल्या सापाच्या विषातला एक भाग रेडिओॲक्टिव्ह करून मायस्थेनियाच्या पेशंटच्या स्नायूवर टाकला आणि तो किती ठिकाणी चिकटतो ते मोजलं, रिसेप्टर खूपच कमी निघाले. तोपर्यंत दोष नसेच्या बाजूला आहे की स्नायूच्या यावर वाद चालू होता, तो तिथे मिटत गेला.

बरं, बुवांकडे येऊ. पायरिडोस्टिग्मिन 60 ची गोळी दिवसातून चारदा, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, म्हणजे चावायला-गिळायला जोर राहतो. दोन दिवसांत घास गिळायला लागले, पोटात मात्र मुरडा आणि जुलाब, त्यावर वेगळी गोळी. छातीचा सीटी काढला कारण शंभरात दहा-पंधरा पेशंटमध्ये छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत गाठ निघते, आणि निघाली की ती काढावीच लागते. बुवांची पाटी कोरी निघाली. गाठ नसतानाही थायमस काढल्याने फायदा होतो हे 2016 साली मोठ्या ट्रायलमध्ये दिसलंय, पण बुवांचं वय आणि शुगर बघून तो विचार मागे ठेवला. ही गोळी नुसती जोर देते, आजाराच्या मुळाला हात लावत नाही, त्यासाठी स्टिरॉइड. ते सुद्धा अगदी थोडं थोडं वाढवत न्यायचं, कारण पहिल्या दोनेक आठवड्यांत स्टिरॉइडने मायस्थेनिया आधी बिघडू शकतो आणि मग सुधारतो.

इथपर्यंत सगळं सरळ होतं, मग सर्दी-खोकला झाला. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, तिथे लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं गेलं. बुवांनी मायस्थेनियाची फाईल नेलीच नव्हती, खोकल्याला कशाला एवढी मोठी फाईल असं वाटलं. 2011 पासून अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या अँटिबायोटिक्सना मायस्थेनियासाठी सगळ्यात कडक इशारा लावलाय, जेंटामायसिन-अमिकासिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, काही बीपीच्या गोळ्या हेही मायस्थेनियात जपून वापरायच्या औषधांत मोडतात. इन्फेक्शन आणि वरून ते औषध, दोन्ही एकदम आल्यावर तिसऱ्या दिवशी बुवांना उशीवर मान उचलेना, लाळ गिळता येईना, आडवं झालं की धाप. घरात कोविडच्या वेळचं बोटाचं मशीन होतं, ते 96 दाखवत होतं, म्हणून सगळे निर्धास्त की ऑक्सिजन तर चांगलाय, सकाळी नेऊ.

तो 96 चा आकडा इथे फसवा आहे आणि हे जरा ठासून सांगावंसं वाटतं. फुप्फुस चांगलं आहे, भाता ओढणारे स्नायू थकलेत, अशा वेळी ऑक्सिजन शेवटपर्यंत बरा दिसतो आणि मग एकदम कोसळतो. घरी बघायची साधी पद्धत म्हणजे एक मोठा श्वास घेऊन त्या एकाच दमात मोठ्याने अंक म्हणायचे, धडधाकट माणूस चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो, वीसच्या आत अडकला की गडबड आहे. सूनबाईंना हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यांनी मोजायला लावलं, बुवा चौदावर थांबले. रात्री अकराला गाडी काढली. आयसीयूत पोचल्यावर भाता (एका दमात किती हवा येते-जाते) मोजला तो वजनाच्या हिशोबाने हवा त्यापेक्षा फारच कमी, मास्कचं व्हेंटिलेटर लावलं, नळी घालायची तयारी बाजूला करून ठेवली होती पण ती वेळ आली नाही.

अशा वेळी दोन रस्ते असतात, प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी काढून टाकायच्या किंवा आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी, शिरेतून) द्यायचं, दोन्हीचा गुण साधारण सारखाच. आयव्हीआयजी किलोला दोन ग्रॅम, पाच दिवसांत वाटून, बुवा साठ किलोचे म्हणजे 120 ग्रॅम, पाच ग्रॅमच्या बाटलीने 24 बाटल्या. बिल लाखांच्या घरात जातं आणि नातेवाईक बाटल्या मोजत बसलेले असतात. इथे प्लाझ्माची सोय त्या रात्री नव्हती म्हणून आयव्हीआयजी, मुलाने सोसायटीचं कर्ज काढलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मान उचलायला लागले, दहा दिवसांनी घरी. पायरिडोस्टिग्मिन त्या काळात बंद ठेवलं होतं, मास्क असताना त्याने लाळ आणि कफ वाढतो.

आता स्टिरॉइड सोबत अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे, त्याचा गुण यायला सहा महिने ते वर्षभर लागतं, तोवर स्टिरॉइड सोडता येत नाही आणि स्टिरॉइडमुळे शुगर चढली म्हणून इन्सुलिन मागे लागलं. दर थोड्या दिवसांनी पांढऱ्या पेशी आणि लिव्हर बघायला रक्त द्यावं लागतं, त्यावर बुवांची कुरकुर असते. अमिताभ बच्चनना हाच आजार आहे हे मॅडमनी सांगितल्यापासून जरा मूड सुधारला, गावात ते स्वतःच सांगत फिरतात, कुजबुज करणाऱ्यांना तर मुद्दाम. काकड्याला जातात, हरिपाठात पहिला निम्मा भाग म्हणून पुढे टाळ हातात घेतात. गाडी मात्र दोन दिसणं पूर्ण थांबेपर्यंत बंद, त्यावर अजून भांडण चालू आहे.

खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, एका बाजूला आजाराचं नाव आणि मॅडमचा नंबर, दुसऱ्या बाजूला चालत नसलेली औषधं. परवा ते कार्ड कामी आलं. जुना हर्निया आहे, त्याचं ऑपरेशन ठरतंय, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कार्ड वाचून मॅडमना फोन लावला, कारण स्नायू सैल करायची जी औषधं भूल देताना वापरतात त्यातली बरीचशी याच रिसेप्टरवर बसतात आणि अशा पेशंटला नेहमीचा डोस फार होतो. कमरेत इंजेक्शन देऊन करायचं ठरलंय, सकाळची पहिली केस घ्यायची आणि आयसीयूत एक बेड अडवून ठेवायचा. तारीख शुगर खाली आल्यावर.